पाणघोडेकाका पुन्हा घरी येतात

बिट्टीने आजोबांच्या डोक्यात उशी घातली, तेव्हा आजोबा पेपर वाचत होते. उशी मऊ होती, त्यामुळे लागलं काहीच नाही. लागलं ते नंतर. बिट्टी जरा मागे सरकली, तिने त्यांना नीट निरखून पाहिलं आणि निराश होऊन विचारलं, "आजोबा, तू चपटा का नाही झालास?"

टीव्हीवर त्या वेळी एक बदक होतं. ते नुकतंच कपाटाखाली सापडून पापडासारखं चपटं झालं होतं. मग ते स्वतःच फुगून उभं राहिलं, धावलं, भिंतीवर आपटलं, कुणीतरी दिलेला बॉम्ब गिळून फुटलं आणि पुन्हा धावायला लागलं. हा सगळा प्रकार आजोबांना उशीने उडालेला चष्मा शोधून नाकावर चढवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात झाला.

हे आजोबा म्हणजे अप्पा. घरातले, इमारतीतले आणि कोपऱ्यावरचा भाजीवालासुद्धा त्यांना अप्पाच म्हणायचा. वजनमापे खात्यातून ते निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. तराजूचा काटा डोलायचा थांबेपर्यंत आपणही हलायचं नाही, ही नोकरीतली शिस्त त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की चहासुद्धा ते पृष्ठभाग स्थिर झाल्याशिवाय तोंडाला लावत नसत. असल्या माणसाला ते बदक सोसणं शक्यच नव्हतं.

"आमच्या वेळी पाणघोडेकाका होते," अप्पा म्हणाले.

"ते कोण? तुमच्या ऑफिसातले का?" सुनेने विचारलं. सून दातांची डॉक्टर होती. समोरच्याचं तोंड उघडं असतानाच त्याला प्रश्न विचारायची तिला सवय होती.

अप्पांना धक्काच बसला. पाणघोडेकाका माहीत नाहीत? मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. पाणघोडेकाका म्हणजे खरोखरीचा पाणघोडा. म्हणजे खरोखरीचा नव्हे, लोकरीचा. दर आठवड्याला टीव्हीवर यायचा. त्याचं दुरुस्तीचं दुकान असायचं. कुणीतरी प्राणी मोडकी वस्तू घेऊन यायचा. पाणघोडेकाका ती वस्तू सगळ्या बाजूंनी बघायचे. मग एक लांब श्वास सोडायचे आणि म्हणायचे, "बघू या हं." मग पुन्हा बघायचे. मग सुई शोधायचे. सुई सापडेपर्यंत निम्मा कार्यक्रम संपायचा.

"आणि मग?" बिट्टीने विचारलं.

"मग छत्री उघडायची."

"कुणावर पडायची?"

"कुणावर पडायची नाही! उघडायची. बासरी वाजायची. संपला कार्यक्रम."

बिट्टीने अप्पांकडे ज्या दृष्टीने पाहिलं, त्या दृष्टीने लोक सहसा आजारी माणसाकडे बघतात.

"तो गेंडा होता ना?" मुलाने मोबाइलमधून मान वर न करता विचारलं. हा मुलगा लहानपणी त्याच कार्यक्रमासमोर मांडी घालून बसायचा. आपल्याच पोटच्या पोराने पाणघोड्याचा गेंडा करावा, हे अप्पांना उशीपेक्षा जोरात लागलं. "पाणघोडेकाका मी बिट्टीला दाखवणार म्हणजे दाखवणार," त्यांनी जाहीर केलं. अप्पांच्या पत्नी, म्हणजे माई, गवार निवडत होत्या. त्यांनी फक्त एक सुस्कारा टाकला. असा सुस्कारा त्यांनी यापूर्वी अप्पांनी घरचा साबण घरीच करायचं ठरवलं तेव्हा टाकला होता.

मुलाला वाटलं, दोन मिनिटांचं काम आहे. त्याने इंटरनेटवर शोधलं. जो व्हिडिओ निघाला त्यात एका खऱ्या पाणघोड्याने अख्खं कलिंगड तोंडात धरून फोडलं. ते बिट्टीला इतकं आवडलं की तिने ते पुन्हापुन्हा लावायला लावलं आणि दुपारभर तोंडाचा आ वासून घरात हिंडली. अप्पांनी ती दुपार गॅलरीत काढली.

तिथेच त्यांना वरच्या मजल्यावरचे मॅनेजरसाहेब भेटले. भेटले म्हणजे वरून वाकून बोलले. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ आता इमारतीला सल्ले पुरवत. मागितलेल्या सल्ल्यापेक्षा न मागितलेला सल्ला त्यांच्याकडे जास्त टिकाऊ मिळत असे.

"अप्पा, तुम्ही सरळ प्रसारण केंद्रात जा," मॅनेजरसाहेब म्हणाले. "त्यांच्याकडे सगळं जपून ठेवलेलं असतं. माझं नाव सांगा."

"तुमची तिथे ओळख आहे?"

"नाही. पण नाव सांगायला काय जातं?"

अप्पा गेले. प्रसारण केंद्राचा संग्रह तळघरात होता. तिथे कपाटांच्या दोन रांगांमध्ये एक बाई शाल पांघरून बसल्या होत्या, कारण फितींना थंडावा लागतो आणि बाईंना लागत नाही. अप्पांनी हवं ते सांगितलं. बाईंनी संगणकात मुलांचे कार्यक्रम पाहिले. पाणघोडेकाका नव्हते. प्राणिजीवनात पाहिलं. तिथे पाणघोडे पुष्कळ होते, पण त्यांतला एकही काका नव्हता. अप्पांचा चेहरा पडला. तो बाईंना बघवला नसावा. त्यांनी बोटं आणखी थोडी चालवली आणि त्या म्हणाल्या, "कुटीरोद्योग विभागात एक आहे. 'छत्रीदुरुस्तीचं प्रात्यक्षिक. मार्गदर्शक, श्री. पाणघोडे.'"

"तेच!" अप्पा खुर्चीतून उठलेच.

"हे पाणघोडे तुमचे कोण?"

"कुणी नाही हो. ते पाणघोडा आहेत."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आडनावाबद्दल कुणाला असं बोलू नये," त्या म्हणाल्या. अप्पांनी खुलासा केला. तो जितका लांबला तितकं प्रकरण बिघडत गेलं, कारण मार्गदर्शक लोकरीचा आहे असं कळल्यावर ती फीत कुटीरोद्योगातून काढून बालविभागात घालावी लागेल, विभाग बदलायचा तर वरिष्ठांची मंजुरी लागेल आणि तोवर प्रत देता येणार नाही, असं बाई म्हणाल्या. अप्पा सरकारी नोकरीत मुरलेले होते. त्यांनी ताबडतोब खुलासा मागे घेतला. पाणघोडे हे एक अनुभवी कारागीर असून आपला त्यांच्याविषयी गैरसमज झाला होता, हे त्यांनी मान्य केलं. आयुष्यात पहिल्यांदाच अप्पा खोटं वजन खरं म्हणून पास करत होते.

"पण खासगी कामासाठी प्रत मिळत नाही," बाई म्हणाल्या. "शैक्षणिक कारण लागतं, नाहीतर वैद्यकीय."

वैद्यकीय कारण घरातच होतं. सुनेने दवाखान्याच्या कागदावर लिहून दिलं की रुग्णाला घरात चालू असलेल्या टीव्हीमुळे दात खाण्याची सवय जडली असून दाढा झिजू लागल्या आहेत, तरी त्यास शांत स्वरूपाचे कार्यक्रम दाखवणे हिताचे ठरेल. रुग्ण म्हणजे अप्पा. अप्पांनी पत्र वाचलं आणि दात खाल्ले. मग पत्र घेऊन गेले आणि फीत घेऊन आले.

फीत म्हणजे अगदी जुन्या काळची, विटेएवढी काळी कॅसेट. घरात ती हातोहात फिरली. बिट्टीने तिचा वास घेतला. मुलाने ती उलटसुलट करून विचारलं, "अप्पा, ही लावणार कशात?"

या प्रश्नाने अप्पांचे पुढचे बरेच दिवस खाल्ले. बाजारामागच्या गल्लीत एका दुरुस्तीवाल्याच्या माळ्यावर कॅसेट लावायचं यंत्र निघालं. त्याने ते पुसलं, त्यातून एक मेलेलं झुरळ काढलं आणि "हा याचा भाग नव्हे" असं अप्पांना विश्वासाने सांगितलं. यंत्र घरी आलं. त्याची वायर घरातल्या टीव्हीला लागेना. टीव्ही कागदासारखा पातळ होता. त्याला पाठच नव्हती, तर पाठीला भोक कुठून असणार? दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "साहेब, त्याला पोक आलेला टीव्ही लागतो."

पोक आलेला टीव्ही मॅनेजरसाहेबांकडे होता. त्यावर त्यांनी कुंडी ठेवली होती. कुंडीला दुसरी जागा शोधून झाल्यावर तो टीव्ही जिन्यावरून खाली आणायचं ठरलं. पुढून अप्पांचा मुलगा, मागून कोपऱ्यावरचा भाजीवाला आणि दोघांच्या वर मॅनेजरसाहेबांचा आवाज.

"डावीकडे! डावीकडे घ्या! तुमच्या नव्हे, माझ्या डावीकडे!"

टीव्ही जिन्याच्या वळणावर अडकला. तो वर जाईना, खाली येईना. वरचे लोक वर आणि खालचे लोक खाली राहिले. इमारतीच्या सेक्रेटरीबाई कामावरून परत आल्या होत्या. त्यांना टीव्हीच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसत होता आणि टीव्हीपलीकडचं घर दिसत नव्हतं. त्यांनी दगड मारल्यासारखा एकच प्रश्न विचारला, "परवानगी कुणाची घेतलीत?"

"नातीला पाणघोडेकाका दाखवायचेत," अप्पा वळणाच्या कोपऱ्यात दबून म्हणाले.

सेक्रेटरीबाईंचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "चष्मेवाले? निळे?"

"चष्मेवाले बरोबर. पण निळे नव्हे, राखाडी."

"जांभळे!" वरून मॅनेजरसाहेब ओरडले.

या वादात सगळ्यांनी हातवारे केले. त्या झटक्यात टीव्ही सुटला आणि भिंतीचा थोडासा गिलावा घेऊन खाली आला. गिलाव्याबद्दल सेक्रेटरीबाई एक अक्षर बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आता आणलाच आहे, तर इमारतीतल्या सगळ्या मुलांना दाखवा."

रविवारी दुपारी अप्पांच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. मुलं पुढे खाली बसली आणि मोठी माणसं मागे सोफ्यावर, खुर्च्यांवर आणि माईंच्या शिवणयंत्राच्या स्टुलावर. अप्पांनी उभं राहून छोटंसं भाषण केलं. त्यात संस्कार हा शब्द बऱ्याच वेळा आला. मग त्यांनी बटण दाबलं.

पाणघोडेकाका हिरवे दिसले. टीव्हीला त्या वेळी हिरव्याशिवाय दुसरा रंग सुचत नव्हता. त्यामुळे निळे, राखाडी आणि जांभळे हे तिन्ही पक्ष एकदमच हरले आणि शांतता झाली. एक डुक्कर मोडकी छत्री घेऊन दुकानात आलं. पाणघोडेकाकांनी ती घेतली. या बाजूने पाहिली. त्या बाजूने पाहिली.

"अडकलंय," एक मुलगा म्हणाला.

"अडकलं नाहीये. ते बघतायत," अप्पा म्हणाले.

एका मुलीने पुढे होऊन काचेवर बोट सरकवून पाहिलं. पाणघोडेकाका सरकले नाहीत. त्यांनी लांब श्वास सोडला आणि जाड, उबदार आवाजात म्हणाले, "बघू या हं."

मागे सोफ्यावरून कुणीतरी तसाच श्वास सोडला. ते मॅनेजरसाहेब होते, आणि ते झोपले होते. त्यांच्या खांद्यावर सेक्रेटरीबाईंच्या नवऱ्याचं डोकं टेकलं. सून आठवडाभर लोकांच्या दाढा उपटून दमली होती, ती बसल्याबसल्याच झोपी गेली. आता ज्या माणसाने तळघरापासून माळ्यापर्यंत हिंडून, दातांचा बभ्रा करून, भिंतीचा गिलावा पाडून हा सोहळा घडवून आणला होता, त्याने तरी जागं राहावं की नाही? पण पाणघोडेकाका सुईसाठी पहिलं ड्रॉवर उघडत होते, एवढंच अप्पांना आठवतं.

जाग आली तेव्हा पडद्यावर नुसत्या मुंग्या होत्या. मोठी माणसं घोरत होती. मुलं मात्र जागची हलली नव्हती. सगळी पडद्याकडे तोंड करून, मुठी हनुवटीखाली धरून बसली होती.

"सापडली का सुई?" अप्पांनी दबक्या आवाजात विचारलं.

"सापडली," बिट्टी वळून म्हणाली. "ड्रॉवरच्या मागे पडली होती. आजोबा, पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. त्या आठवड्यात पुन्हापुन्हा लावलं. अप्पा जिन्यावरून ताठ मानेने येऊ-जाऊ लागले. आणि एकदा संध्याकाळी मुलाने सवयीने जुनं कार्टून लावलं. बदक धावलं, भिंतीवर आपटलं, फुटलं. बिट्टी हसली नाही. घास तसाच हातात धरून तिने विचारलं, "आता याला कोण दुरुस्त करणार?"

अप्पांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. त्या क्षणी कुणी त्यांना शिक्षणमंत्री केलं असतं, तरी त्यांनी फारसे आढेवेढे घेतले नसते.

इथे गोष्ट संपली असती तर अप्पांचं फार बरं झालं असतं. पण दुरुस्त कोण करणार हा प्रश्न पोरीने नुसता विचारून सोडला नव्हता.

आधी गेली ती माईंची छत्री. ती मोडलेली नव्हती. दुरुस्त करायची तर आधी मोडावी लागते, एवढा व्यवहार मुलांना कळत होता. मग रिमोट उघडला गेला, त्याच्या आत काय असतं ते सगळ्यांनी आळीपाळीने पाहिलं आणि परत बसवताना काही भाग जास्तीचे उरले. ते त्यांनी दाराच्या बेलमध्ये घातले. जिन्याच्या वळणावर, जिथे गिलावा पडला होता तिथे, मुलांनी एक स्टूल मांडलं आणि दुकान काढलं. मॅनेजरसाहेबांच्या रेडिओवर इलाज झाला. त्यानंतर त्यावर फक्त खरखर लागायची, पण सगळ्या बटणांवर एकसारखी लागायची. सेक्रेटरीबाईंच्या मिक्सरचं झाकण दुसऱ्याच कुणाच्या मिक्सरला बसलं आणि निघेना. ते बदक वर्षभर रोज घरात फुटत होतं, पण त्याच्या राज्यात कधी एक वाटीसुद्धा फुटली नव्हती. शांत पाणघोड्याने आठवडाभरात इमारत खिळखिळी केली.

शाळेतूनही बोलावणं आलं. वर्गात बिट्टीला पाच आणि तीन किती असं विचारलं, की ती फळ्याकडे या बाजूने बघते, त्या बाजूने बघते आणि "बघू या हं" म्हणून खाली बसते, असं बाईंनी सांगितलं. "उत्तर येतं तिला," बाई म्हणाल्या. "पण ते येतं तेव्हा मराठीचा तास चालू झालेला असतो."

मग इमारतीच्या कमिटीची बैठक भरली. अप्पांना खास बोलावलं होतं. मॅनेजरसाहेबांनी बिघडलेला रेडिओ टेबलावर ठेवला, जणू प्रेत ठेवावं.

"अप्पा, हे तुमच्या पाणघोड्याचं काम," ते म्हणाले. "यापेक्षा ती बदकाची मारामारी परवडली. ती टीव्हीच्या आत तरी राहायची."

"अहो, पण मुलं शांत झाली की नाही?" अप्पा म्हणाले.

"शांत आहेत म्हणून तर कळत नाही कुठे काय उघडतायत!" सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

ठराव झाला. दुकान बंद करायचं, आणि ज्यांनी हे रोपटं लावलं त्यांनीच ते उपटायचं. अप्पांच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. त्यांचा स्वतःचा मुलगा हात वर करणार होता, पण त्याच हाताच्या बोटाला रिमोटची स्प्रिंग लागून पट्टी बांधलेली होती. अप्पा घरी आले. नोकरीत त्यांनी कित्येक दुकानं बंद केली होती. एखादा दुकानदार शिव्या घालायचा, एखादा हातापाया पडायचा. पण त्यातलं एकही दुकान त्यांच्या नातीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर ते जिना उतरले. वळणावर रांग होती. रांगेत सेक्रेटरीबाई होत्या. त्यांच्या हातात छत्री होती. अप्पांना पाहताच त्यांनी ती पदराआड घेतली. "सहज," त्या म्हणाल्या. "जरा कडी अडकते म्हणून." त्यांच्यापुढे मॅनेजरसाहेब पायरीवर बसले होते, मांडीवर भिंतीवरचं घड्याळ घेऊन. काल रेडिओचं प्रेत ठेवणारा माणूस आज हातात घड्याळ घेऊन आला होता. अप्पांनी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी ते बोलले नसते, कारण त्यांची पाळी आली होती.

स्टुलामागे बिट्टी बसली होती. नाकावर बापाच्या जुन्या चष्म्याची बिनकाचेची फ्रेम होती.

"काय बिघडलंय?" तिने विचारलं.

"तसं चालतंय," मॅनेजरसाहेब म्हणाले. "पण आवाज पहिल्यासारखा येत नाही. आमच्या हिने आणलं होतं ते. ती असताना वेगळा यायचा."

बिट्टीने घड्याळाला कान लावला. या बाजूने लावला, त्या बाजूने लावला. पुष्कळ वेळ लावला. मॅनेजरसाहेब तिच्याकडे बघत राहिले. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी सांगितलेलं कुणी इतका वेळ ऐकलं नसावं. मग तिने मागची धूळ फ्रॉकने पुसली आणि घड्याळ परत दिलं. "आता ऐका," ती म्हणाली. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि एकही सल्ला न देता ते वर निघून गेले.

सेक्रेटरीबाईंचं काम झालं. अप्पांची पाळी आली.

"बिट्टी, मी तुला एक—"

"बसा," बिट्टी म्हणाली. घरी त्यांना अरे-तुरे करणारी ही मुलगी दुकानात बसल्यावर अहो-जाहो करत होती. अप्पा पायरीवर बसले. "काय बिघडलंय?"

"बिघडलं काही नाही. हे दुकान बंद करायचंय."

त्यांना वाटलं होतं ती रडेल. वाद तरी घालेल. त्यासाठी त्यांनी उत्तरं तयार ठेवली होती. बिट्टीने लांब श्वास सोडला. मग ती उठली आणि तिने दुकान नीट पाहिलं. स्टुलाच्या खाली पाहिलं, मागे पाहिलं, उडालेल्या गिलाव्यावरून बोट फिरवलं. कुठल्याशा पत्र्याच्या डब्यात हात घालून काहीतरी शोधलं. अप्पा थांबले. थांबणं त्यांना जमत होतं.

शेवटी ती परत येऊन बसली.

"मोठं काम आहे हे," ती म्हणाली. "आज नाही व्हायचं. उद्या या."

हे दोन शब्द अप्पांनी नोकरीभर लोकांना सांगितले होते. त्यांना कुणी सांगायची ही पहिलीच खेप. पण मुलीचा आवाज आपल्यापेक्षा पुष्कळच मऊ आहे, हे त्यांना मान्य करावं लागलं.

"किती वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.

"माझं दूध पिऊन झालं की."

ते वर गेले. दारातच माईंनी विचारलं, "केलंत का बंद?"

"उद्या बोलावलंय," अप्पा म्हणाले.

माईंनी त्यांच्याकडे पाहिलं, स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाची गाळणी घेऊन बाहेर आल्या. "मग जाताय तर हीसुद्धा न्या. दांडा हलतोय."

दुसऱ्या दिवशी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, गाळणी हातात धरून जरा लवकरच निघाले. उशीर केला की मॅनेजरसाहेब पुढे घुसतात.